आत्या, नळी गरम झाली

आत्या,

तू गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक माणूस तुझ्या पुरणपोळीबद्दल बोलतोय. "काय पोळी करायच्या हो ताई! तोंडात विरघळायची," असं म्हणत परवा महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी मान डोलावली. समोरच्या खुर्चीतून काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर खिडकीकडे वळवली. आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, की तुझी पोळी दर होळीला तव्यावर फुटायची, तू ती उलथन्यानं गोळा करायचीस आणि "हा घ्या पुरणाचा उपमा" म्हणत आम्हाला वाढायचीस. मंडळाच्या कार्यक्रमाला जायची ती पोळी पलीकडच्या क्रॉसवर होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, विकणाऱ्या अक्कांची. डबा तेवढा तुझा.

त्या काकूंचं काही चुकलं नाही. अशा वेळी काहीतरी चांगलं बोलायचं असतं. पण त्या सगळ्या बोलण्यात मला तू कुठं सापडत नाहीस. प्रेमळ, सोशिक, सुगरण. सोशिक? तू? पाण्याच्या टँकरवाल्याला भर रस्त्यात थांबवून, टँकरवर चढायला लावून, पट्टी बुडवून पाणी मोजून घेणारी तू?

म्हणून काकांचा दुपारचा डोळा लागल्यावर मी तुझ्याशीच बोलायला बसलेय. मला त्या रविवारबद्दल बोलायचंय. आपण दोघींनी गाडीचा थर्मोस्टॅट बदलला तो रविवार. भेटायला येणाऱ्यांना हे सांगायला गेलं की ते कौतुकानं हसतात आणि पुन्हा पोळीवर येतात.

नागपूरहून नोकरीसाठी इथं बंगळुरूला आले तेव्हा मी तुला म्हटलं होतं, थोडे दिवस राहते, मग ऑफिसजवळ खोली बघते. तू कन्नडात "सरी", बरं, म्हणालीस आणि वरची खोली झाडून दिलीस. त्यानंतर खोलीचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही. माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला आणि तुझं नि काकांचं घर मल्लेश्वरमला. ऑफिसातले सगळे मला वेड्यात काढायचे. मग काकांच्या किडन्यांनी काम सोडलं, आणि ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास ते ज्या हॉस्पिटलात गेले, ते नेमकं माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर निघालं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. मी गाडी चालवायची, काका शेजारी, तू मागे. तुम्हाला सोडून मी ऑफिसात, दुपारी तुम्हाला घेऊन परत, आणि राहिलेलं काम घरून.

गाडी तुझी. आकाशी रंगाची, कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये असताना तू स्वतःच्या पगारातून घेतलेली. डोळ्यांनी दगा देईपर्यंत तूच चालवलीस. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पार्किंगमध्येच तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि मागच्या सीटवर जाऊन बसलीस. त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. मी क्लच कसा सोडते याबद्दल मात्र त्याच दिवसापासून बोलायला लागलीस.

काका कॅबमध्ये बसायला तयार नसत. डायलिसिसनंतर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत, पाय लांब करायला हवे असत. आपल्या गाडीत त्यांच्या पायांखाली तू सुताराकडून एक उतरती फळी बसवून घेतली होतीस. आणि खरं कारण म्हणजे, अनोळखी माणसासमोर कण्हायची त्यांना लाज वाटायची. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तू मला सांगितलंस, तेही ते ऐकत नसताना.

तो मार्चमधला शुक्रवार होता. हॉस्पिटलमधून परत निघालो आणि रिंग रोडवर नेहमीसारखे अडकलो. पुढे कंपन्यांच्या बसची रांग, बाजूला मेट्रोचे खांब. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला.

"आत्या, काटा लाल रेषेला टेकतोय."

"पंखा ऐकू येतोय का?"

मी कान दिला. "नाही."

"हीटर लाव. पूर्ण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, शेजारी काका डोळे मिटून सीटवर रेलले होते, कपाळावर घाम. "हीटर?"

"इंजिनातली उष्णता कुठून तरी बाहेर निघायला हवी. आत घेऊ. लाव तू."

मी गाडी कशीबशी कडेला घेतली. आपण काकांना उचलून मागे बसवलं, सगळ्या खिडक्या खाली केल्या आणि तू पुढे माझ्या शेजारी येऊन बसलीस. हीटरचा झोत थेट तुझ्या गुडघ्यांवर येत होता. तू एक पंजा जाळीसमोर धरून ठेवला होतास. मला वाटलं तू झोत अडवतेयस. दुसऱ्या दिवशी कळलं, की झोत किती गरम आहे ते तू बघत होतीस. मी स्टिअरिंग घट्ट धरून रडकुंडीला आले होते आणि तुझी तपासणी सुरूसुद्धा झाली होती.

काटा थोडा उतरला. थांबत थांबत, सावलीत उभं राहत, आपण घरी पोचलो. काकांचं ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं होतं की शेजारच्या रावअण्णांना हाक मारावी लागली. तिघांनी मिळून त्यांना पलंगापर्यंत नेलं. त्यांच्या पायांखाली उशा ठेवून तू जवळ बसून राहिलीस. त्यांचा चेहरा पुन्हा माणसात येईपर्यंत तू गाडीचं नाव काढलं नाहीस.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपलं भांडण झालं. मी म्हटलं, विकून टाक ती गाडी. मी कर्ज काढते, नवी घेऊ. तू भेंडी चिरत होतीस. दिसत कमी असल्यामुळे एकेक भेंडी बोटांनी चाचपून चिरायचीस.

"आज काकांना काही झालं असतं म्हणजे?" मी ओरडलेच.

सुरी थांबली. "म्हणूनच मला कारण पाहिजे, मिनू. कारण न कळता नवी गाडी आणलीस, तर मी तिच्यातही काट्याकडेच बघत बसेन. आणि मला तर काटा दिसतही नाही."

तू पुढची भेंडी चाचपायला घेतलीस. मी कर्जाचं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागराज आला. मागच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारा, तुझ्या गाडीला तिच्या तरुणपणापासून ओळखणारा. तो म्हणाला, पंखा फिरत नाही, म्हणजे पंख्याचा स्विच गेला असणार. त्यानं वायर थेट जोडली, पंखा गरगरा फिरायला लागला. तो खूश, मी खूश. तो एक चक्कर मारून आला आणि गेटमध्येच गाडी थांबवून खाली उतरला. काटा पुन्हा लाल रेषेवर.

"मॅडम," तो पडेल आवाजात म्हणाला, "हेड गॅस्केट, इंजिनाच्या जोडातलं पॅकिंग, फुटलं असावं. इंजिनाचं हेड उघडावं लागेल. पण मी उद्या पहाटे तुमकूरला निघतोय, बहिणीचं लग्न. बुधवारी आलो की लगेच घेतो."

बुधवार. काकांचा पुढचा डायलिसिस मंगळवारी होता.

तू म्हणालीस, "स्वल्प थांब, नागराजण्णा. इंजिन बंद करू नकोस." आणि मग तू मला कामाला लावलंस. अजून आठवतं, तू गाडीच्या पुढे एका जागी उभी, हात पाठीमागे बांधलेले, आणि मी तुझ्या डोळ्यांच्या बदल्यात इकडून तिकडे.

"सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का?"

"नाही."

"बाटलीत कूलंट किती?"

"खुणेपर्यंत आहे."

मग तू इंजिन बंद करायला लावलंस, तेलाची पट्टी बाहेर काढायला लावलीस. "तेलाचा रंग? दुधाळ झालंय? चहासारखं?"

"नाही. तेलासारखंच आहे."

"मग हेड उगाच कशाला उघडायचं? पाणी तेलात गेलेलं नाही, धुरात गेलेलं नाही, कुठं कमी झालेलं नाही." मग नागराजकडे वळून, "काल हीटरचा झोत चांगला गरम होता. म्हणजे पंप पाणी फिरवतोय. आता राहिलं काय?"

पुन्हा इंजिन चालू झालं, काटा चढू लागला. तू मला इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीला हात लावायला सांगितलंस. मी घाबरत, चटका बसेल म्हणून बोटाच्या टोकानं लावला. मग पूर्ण पंजानं.

"कोमट आहे," मी म्हटलं. "आत्या, नुसती कोमट आहे!"

"आणि रेडिएटर?"

"गारच."

तू पुढे झालीस, माझ्या मनगटाला धरून अंदाज घेतलास आणि स्वतः नळीला हात लावलास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, त्याला काय म्हणू? खूप दिवसांनी ओळखीचं कुणी रस्त्यात भेटावं तसं काहीतरी.

"इंजिनातलं पाणी उकळायला आलंय आणि रेडिएटर गार," तू म्हणालीस. "म्हणजे पाणी तिकडं जातच नाहीये. मधला दरवाजा बंद आहे. आणि रेडिएटर गार, म्हणून पंख्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही."

मधला दरवाजा म्हणजे थर्मोस्टॅट. तळहातात मावेल एवढी एक स्प्रिंगवाली झडप. इंजिन गार असताना बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे गार व्हायला सोडते. आपल्या गाडीतली बंदच्या बंद राहिली होती. इतकी साधी गोष्ट. मला ती त्या दिवशी कळली.

नागराजनं कपाळावर हात मारला आणि हसला. "थर्मोस्टॅट! मग काढूनच टाकतो, मॅडम. आत्ता. इथं सगळे काढूनच टाकतात, आपल्या हवेला लागतोय कुठं?"

"काढायचा नाही," तू म्हणालीस. "बदलायचा."

"नवा आणून देईन संध्याकाळी. पण बसवायला मी नाही."

"आम्ही बसवू. मी आणि मिनू."

मी मागे वळून पाहिलं. मिनू म्हणजे मीच होते.

आत्या, मी रोज सॉफ्टवेअर तपासते. त्याआधी आयुष्यात मी सायकलचं पंक्चरसुद्धा काढलेलं नव्हतं. रविवारी सकाळी नागराजचे पाने, पसरलेली जुनी चादर आणि पूर्ण गार इंजिन, यांच्यासमोर मी उभी राहिले तेव्हा कुठला पाना आधी उचलायचा हेसुद्धा मला कळत नव्हतं. काका व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. "बायांनो, माझा मंगळवार तुमच्या हातात आहे," ते म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले, पण पेपरचं पान काही उलटत नव्हते.

तू माझ्या मागे उभी. "आधी खालून कूलंट काढ. बादली लाव, कुत्र्यामांजरानं चाटलं तर मरेल." मग नळीची क्लिप. मग झडपेवरच्या झाकणाचे दोन बोल्ट. पहिला गुमान सुटला. दुसरा गंजलेला. मी सगळा जोर लावला, तो हलला नाही. आणखी लावणार तेवढ्यात तुझा हात माझ्या खांद्यावर आला.

"सोड. तुटला तर आपण दोघी आणि नागराजची बहीण, कुणालाच काही करता येणार नाही." तू बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडायला लावलंस. "आता कॉफी."

"आत्ता?"

"तेल आपलं काम करेल, आपण आपलं करू."

व्हरांड्यात बसून आपण तिघांनी कॉफी घेतली. तू काकांशी कसल्याशा लग्नाच्या आमंत्रणाबद्दल बोलत होतीस. माझं सगळं लक्ष त्या बोल्टकडे. मला तेव्हा राग आला होता तुझा, इतकी शांत कशी बसू शकतेस म्हणून. परत आल्यावर बोल्ट किंचित कुरकुरला आणि फिरला.

जुना थर्मोस्टॅट बाहेर आला, पिवळट गंजानं माखलेला. मला वाटलं, आता नवा बसवायचा. पण तू मला स्वयंपाकघरात नेलंस. एका जुन्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, बाजूला तुझ्या कपाटातला लांब काचेचा थर्मामीटर. त्याच्या रेषा तुला दिसत नव्हत्या, त्या मी वाचायच्या. झडपेवर ८२ असं कोरलेलं होतं; तिथं ती उघडायला हवी.

"ब्याऐंशी... नव्वद. बंदच आहे, आत्या. पाणी उकळलं."

"थर्मामीटर किती दाखवतोय?"

"सत्त्याण्णव. पण उकळलं तर शंभर असायला हवं ना?"

तू हसलीस. "आपण उंचावर राहतो, वेडे. इथं पाणी शंभरच्या आधीच उकळतं. म्हणजे थर्मामीटर खरं बोलतोय आणि झडप खोटं."

मी तिथं पातेल्याच्या वाफेत उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं, की कारखान्यात लोक तुला का वचकून असत. दोषी सापडला होता, हातात होता, तरी तू आधी साक्षीदाराची परीक्षा घेतलीस.

मग नवाही त्याच पाण्यात बुडवला. "नवा आहे म्हणजे चांगलाच असेल, असं कुणी सांगितलं?" पाणी गार करून पुन्हा तापवलं आणि ब्याऐंशीच्या जरा पुढे नव्या झडपेची चकती हळूच वर उचलली गेली. मी किंचाळले. काकांनी बाहेरून विचारलं, "भाजलं का?"

बसवण्याआधी झाकणाची जागा घासून साफ करायची होती. मी घासली, मला ती चकचकीत दिसली. तू बोटाचं टोक तिच्यावरून फिरवलंस. "इथं अजून जुनं गॅस्केट आहे." पुन्हा घासली. पुन्हा बोट. "आता सरी." मग नवी झडप, स्प्रिंग इंजिनाकडे. छोटं छिद्र वरच्या बाजूला, हवा निघायला. बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे, एकदम एकच आवळायचा नाही. नवं कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं, हीटर लावला. बुडबुडे येत राहिले, मी भरत राहिले. काटा मध्यावर आला. नळी गारच. काटा मध्याच्या जरा वर गेला. नळी गारच.  मी तुझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

आणि मग नळी माझ्या तळव्याखाली तापली. हळूहळू नाही, एकदम, नळातून गरम पाणी यावं तशी.

"आत्या, नळी गरम झाली!"

"बिसी?" तू कन्नडात विचारलंस. गरम?

"बिसी! बिसी!"

थोड्या वेळानं, नागराजनं जोडलेली थेट वायर काढलेली असूनही, पंखा आपला आपण फिरायला लागला. काका काठी टेकत खाली आले. त्यांनीही नळीला हात लावला, चटका बसल्यासारखा झटकला आणि तुझ्याकडे असं पाहिलं, की मी पाने गोळा करायला चादरीवर वाकले. ते तुमच्या दोघांचं होतं.

मंगळवारी जाताना आपण त्याच रिंग रोडवर, तशाच गर्दीत अडकलो. काटा मध्यावरून हलला नाही. मागे बघितलं तर तू काचेला डोकं टेकून गाढ झोपली होतीस. माझ्या गाडी चालवण्यात तू त्याआधी कधीच झोपली नव्हतीस. आणि क्लचबद्दलही त्या दिवशी काही बोलली नाहीस.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, नागराज म्हणतो तेच बरोबर. झडपच नसती तर बंद राहण्याचा प्रश्नच आला नसता, आजारी माणूस गाडीत असताना असली जोखीम कशाला? तू म्हणायचीस, मग इंजिन कधी नीट तापणारच नाही, पेट्रोल जास्त पिईल, आतून झिजत राहील, आणि तुला ते बरीच वर्षं दिसणारसुद्धा नाही. "एक झडप अडकली म्हणून झडप असणंच चूक होत नाही, मिनू." मी इंटरनेटवरून माझ्या बाजूच्या लोकांची मतं वाचून दाखवायचे. तू विचारायचीस, "यांनी इंजिन उघडून बघितलंय का?" अजूनही मला वाटतं, माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. आता माझ्याशी भांडणारं कुणी नाही, म्हणून मी हरल्यासारखी झालेय.

दुसरा वाद पुण्याचा. कंपनीनं पुण्याला मोठं काम देऊ केलं, हे मी तुला जेवताना सहज सांगितलं. तू ताटातून मान वर केलीस. "कधी जायचं?"

"जात नाहीये मी. काकांचं कोण बघणार?"

"मी तुला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलेलं नाही." तुझा आवाज चढला. "नको वाटत असेल तर जाऊ नकोस. पण काकांचं कारण सांगू नकोस. ते कारण मी तुला देणार नाही."

मी ताट उचलून निघून गेले. नंतर दोन महिने आपण त्या विषयाच्या कडेकडेनं वावरत राहिलो. तू मला रोज सकाळी डबा देताना काहीतरी बोलायला तोंड उघडायचीस असं मला वाटायचं. मीही उत्तर तयार ठेवायचे. आणि मग त्या बुधवारी कॉफीचा डबा उघडता उघडता तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष काकांच्या श्वासाकडे. तुझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. तू बघू दिलं नाहीस.

शुक्रवार आला. डायलिसिसला सुतक नसतं. नागपूरहून आलेले बाबा, म्हणजे तुझा धाकटा भाऊ, खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी तोंडावर पाणी मारून किल्ली घेऊन बाहेर आले, तर काका गेटपाशी उभे, बूट घातलेले, हातात फोन. समोर एक कॅब येऊन थांबली.

"काका, हे काय?"

"तुझे डोळे बघ आरशात. आज तू गाडी चालवायची नाहीस." त्यांनी दार उघडलं आणि ओटीपी सांगितला, रोजचीच गोष्ट असल्यासारखा. मी त्यांच्या शेजारी बसले.

मल्लेश्वरम मागे पडल्यावर ते बोलायला लागले. "तू ऑफिसला गेलीस की दर दोन दिवसांनी ती मला कॅबमध्ये बसवायची," म्हणाले. "पहिल्यांदा फक्त जवळच्या तळ्याला वळसा. मग थोडं पुढे. मी म्हटलं, माझ्यानं नाही होणार. ती म्हणाली, पाय दुखले तर ड्रायव्हरला सांगायचं, 'अप्पा, स्वल्प थांबा,' आणि खाली उतरून उभं राहायचं. लाजायचं काय त्यात? एकदा मी खरंच सांगितलं. तो माणूस थांबला. त्यानं पाणीसुद्धा दिलं."

"पण का, काका? आपली गाडी होती ना?"

"तुला पुण्याला जाता यावं म्हणून." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुला मी तयार झाल्यावरच सांगायचं, असं ठरलं होतं आमचं. पुढच्या आठवड्यात सांगणार होती."

आत्या, रोज सकाळी डब्याबरोबर तुझ्या ओठांवर यायचं ते हेच होतं का? की दुसरं काही? मी विचारायचं कुणाला? मी भांडायला सज्ज होते आणि तू माझी वाट मोकळी करत होतीस, एकेक चक्कर वाढवत. मी पुण्याला जाईन की नाही, माहीत नाही. अजून थोडे दिवस तरी नाही. पण आता ते माझं मला ठरवता येईल.

हॉस्पिटलात मंजुळा सिस्टरनं सुई तयार ठेवली होती. काकांच्या मागे तिची नजर दारापर्यंत गेली आणि परत आली. "अम्मा बरलिल्लवा?" अम्मा नाही आल्या?

काकांनी माझ्याकडे पाहिलं.  घरचे सगळे फोन बाबांनी केले होते. मी तोपर्यंत ते वाक्य कुणाशीच बोलले नव्हते, मराठीत तर नाहीच. "अम्मा होगबिट्रु," मी म्हटलं. गेल्या. बाजारात भाजी घेता घेता तू मला शिकवलेल्या भाषेत.

सिस्टरनं ट्रे खाली ठेवला. तिनं काकांचा हात दोन्ही हातांत धरला. मग पुन्हा हात धुऊन आली, सुई लावली, मशीन सुरू केलं, आणि तू बसायचीस ते स्टूल माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्ही मिनू ना? अम्मा सगळ्यांना सांगायच्या. माझ्या भाचीनं एकटीनं गाडीचं इंजिन उघडलं आणि दुरुस्त केलं. नव्या पेशंटलासुद्धा सांगायच्या."

एकटीनं! आत्या, तू आयुष्यभर दुसऱ्यांची मोजमापं तपासलीस आणि हॉस्पिटलभर हे सांगत फिरलीस?

मला तोंडावर तू एकदाही "छान केलंस" म्हणाली नव्हतीस. मी खूप वेळ रडले. मग डोळे पुसले आणि सिस्टरला खरं काय झालं ते सांगायला लागले. माझ्या मोडक्या कन्नडात, हीटरपासून, गंजलेल्या बोल्टपासून, पातेल्यातल्या पाण्यापासून. शेजारच्या बेडवरचे आजोबाही मान वळवून ऐकायला लागले. काका डोळे मिटून पडले होते. मी शब्द चुकला की डोळे न उघडता तो दुरुस्त करायचे, आणि म्हणायचे, "हं, पुढे सांग."